विजेचा छंद आणि शाळेचे कर्तव्य



यंदाच्या विज्ञान-प्रदर्शनात नववीच्या एका विद्यार्थ्याने केलेला नरकासुर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याचे डोळे पेटताना किंवा हातातील तलवार हलताना मात्र कोणी पाहिली नाही. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मीच तो बंद ठेवावयास सांगितले होते. त्या मुलाचा चेहरा एकदम उतरला. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि शांतपणे, पण मनाला लागेल अशा स्वरात म्हणाले, "बाई, मराठी आणि इतिहास शिकवता आपण. विजेतले आपल्याला काय ठाऊक?"

प्रश्न रास्त होता. मी कला शाखेची पदवीधर आहे. शालान्त परीक्षेनंतर भौतिकशास्त्राचे पुस्तक मी उघडले नव्हते. प्रदर्शनाची देखरेख यंदा मजकडे आली तीही दुसरे कोणी मोकळे नव्हते म्हणून. परंतु त्या संध्याकाळी जे पाहिले ते विसरता येण्यासारखे नव्हते. आणि त्यानंतर शिक्षकांच्या खोलीत जी चर्चा झाली, तीत मजला एक बाजू घ्यावी लागली. ती बाजू येथे मांडत आहे.

प्रथम घडले ते सांगते. नरकासुराच्या पायाशी तांब्याच्या दोन बारीक पट्ट्या शेजारी शेजारी चिकटविल्या होत्या. पाहणाऱ्याने दोन्हींवर मिळून एक बोट टेकले, की आतील सर्किट जागे होई, डोळे पेटत आणि हात हलू लागे. कल्पना खरोखरच सुरेख होती. पुठ्ठ्याच्या पोटात एक छोटा सर्किट बोर्ड होता. त्यावरील सारे भाग त्या मुलाने स्वतः सोल्डर केले होते. बोर्डास लागणारे ५ व्होल्ट मिळविण्यासाठी त्याने अडॅप्टर वापरला नव्हता. त्याने एक चलचित्र पाहून भिंतीतील २३० व्होल्टांच्या तारेत एक कपॅसिटर घातला होता, पुढे चार डायोड व एक झेनर जोडला होता, आणि मीटर लावून दोन टोकांमध्ये नेमके ५ व्होल्ट येतात याची खात्री करून घेतली होती. मीटर खोटे बोलत नव्हता.

त्या दिवशी जादा बोर्ड बसविण्यासाठी वायरमन आला होता. जाता जाता सर्वच प्रतिकृतींवर एक नजर टाकावी अशी मी त्यास विनंती केली. नरकासुरापाशी तो वाकला आणि तांब्याच्या पट्टीस त्याने टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मुलगा हसून म्हणाला, "काका, पाचच व्होल्ट आहेत." वायरमनने उत्तर दिले नाही. त्याने भिंतीतील दोन पिनांचा प्लग उपसला, उलटा फिरवून पुन्हा बसविला आणि टेस्टर त्याच पट्टीस पुन्हा लावला. या वेळी टेस्टरमधील तांबडा दिवा लखकन् पेटला.

ती पट्टी दुसऱ्या दिवशी पाचवी-सहावीच्या मुलांनी बोटांनी दाबावयाची होती.

हे कसे घडते, हे समजून घ्यावयास मजला आठ दिवस लागले. म्हणून जरा विस्ताराने लिहिते. माझ्यासारख्या विज्ञानाबाहेरच्या माणसास जे अडले, ते इतरांसही अडेल. आपल्या घरी येणाऱ्या दोन तारांपैकी एक, म्हणजे न्यूट्रल, पुरवठ्याच्या ठिकाणी जमिनीस जोडलेली असते. दुसरी, म्हणजे फेज, जमिनीच्या तुलनेने २३० व्होल्टांच्या दाबावर असते. (हा २३० चा आकडा एक प्रकारची सरासरी होय, सेकंदास ५० आवर्तने घेताना तो दाब शिखरावर सुमारे ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो.) कपॅसिटरने प्रवाह रोखून बोर्डाच्या दोन टोकांमधील अंतर ५ व्होल्टांवर आणले हे खरे. पण तो सारा बोर्ड भिंतीतील तारेस प्रत्यक्ष जोडलेलाच राहिला. प्लग एका बाजूने बसला, की बोर्ड न्यूट्रलच्या अंगाने राहतो आणि त्यास हात लागला तरी काही जाणवत नाही. दोन पिनांचा प्लग उलटाही बसतो. आणि तसा तो बसला, की तोच बोर्ड, त्याच ५ व्होल्टांसह, फेजच्या दाबावर जाऊन बसतो.

आमच्या घरामागे जांभ्या दगडात खोदलेली जुनी विहीर आहे. तिच्या वरच्या दोन पायऱ्यांत एका वितीचे अंतर आहे. म्हणून तेथून घसरणारा वीतभरच पडेल, असे कोणी म्हणेल काय? मुलाच्या मीटरने दोन पायऱ्यांमधील अंतर मोजले होते. पाण्यापर्यंतची खोली त्याने मोजली नव्हती, कारण ती मोजावयाची असते हेच त्यास कोणी सांगितले नव्हते.

दाब कमी असणे ही एक गोष्ट. भिंतीतील विजेपासून तुटलेले असणे ही दुसरी. सारी सुरक्षितता दुसऱ्या गोष्टीत आहे. १८३१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे याने लोखंडी कड्याभोवती दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यात प्रवाह सुरू किंवा बंद होताच दुसऱ्यात क्षणभर विद्युत् उत्पन्न होते, असे त्यास दिसले. दोन्ही तारांचा एकमेकींस स्पर्श नव्हता. आजचा ट्रान्सफॉर्मर, ज्यास आपण मराठीत रोहित्र म्हणतो, तो याच कड्याचा वंशज होय. त्यातून शक्ती पलीकडे जाते ती चुंबकत्वाच्या वाटेने. तार पलीकडे जात नाही. आपल्या मोबाइलच्या चार्जरच्या इवल्या डबीतही असाच एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर असतो. फरक इतकाच, की तेथे विजेचे सेकंदास हजारो वेळा तुकडे पाडून ती त्यातून नेतात. म्हणून तो इतका लहान करता येतो. पलीकडे दाब नेमका किती झाला, ही वार्ताही अलीकडे पुष्कळदा तारेने येत नाही. एक बारीक दिवा उजळतो आणि समोरचा प्रकाशग्राही भाग ती टिपून घेतो. विजेने विजेस न शिवता निरोप द्यावा, ही योजना मजला तरी काव्यमय वाटली.

सर्वच ट्रान्सफॉर्मर मात्र असे नसतात. एकाच वेटोळ्यातून दाब कमीजास्त करणारा ऑटोट्रान्सफॉर्मर मिळतो. तो १२ व्होल्ट देईल, पण भिंतीपासून तोडणार नाही. जुन्या बाजारातून वस्तू आणणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आता "एवढ्याने काय होते?" या प्रश्नाकडे वळते. त्या मुलास घरी एकदोनदा झिणझिण्या आल्या होत्या. "इलेक्ट्रॉनिक्समध्ये इतके चालायचेच," असे त्यास वाटले. पायांत रबरी चपला होत्या आणि खालची फरशी कोरडी होती, म्हणून ते झिणझिण्यांवर निभावले. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध सुमारे हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले १००० हे गणित सातवीतला मुलगाही करील: उत्तर ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. सुमारे १० मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळून धरलेली तार सुटेनाशी होते. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून काही क्षण वाहिले तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. "पण फ्यूज आहे ना!" असे पुष्कळांचे म्हणणे असते. घरातील ६ अँपिअरच्या एम.सी.बी.च्या दृष्टीने पाव अँपिअर म्हणजे एखाद्या ५५ वॉटच्या दिव्याइतकाच प्रवाह. तो बंद व्हावा असे त्यात काही नाही. एम.सी.बी. तारेला वाचविण्यासाठी असते, माणसाला नव्हे.

आणि आपल्या गोव्यात ही गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. चतुर्थी येते ती पावसाच्या शेवटास. भिंतींना ओल असते, नुकतीच पुसलेली जमीन थंडगार असते, आणि देवासमोर आपण अनवाणी वावरतो. हात फुलांनी, दूर्वांनी, तीर्थाने ओले असतात. त्याच माटोळीखाली दिव्यांच्या माळा आणि हलते देखावे उभे राहतात. पुढे दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात आणि गवतावर, दवात, जादा बोर्डांच्या वायरी पसरलेल्या असतात. आमच्या घरी कोंकणीत विजेला सरसकट 'लायट' म्हणतात. जणू ती फक्त उजेड देण्यासाठीच आली आहे! मला कधी कधी वाटते, या लाडक्या नावानेच आपली सावधगिरी मंद केली आहे.

प्रदर्शनानंतर शिक्षकांच्या खोलीत असा सूर निघाला, की पुढील वर्षापासून विजेवर चालणाऱ्या प्रतिकृतींस बंदी असावी. कागद, माती, पुठ्ठा यांची कामे मुलांनी करावीत. हा सूर काळजीपोटी निघाला होता, हे मान्य. ज्यांनी तो काढला, त्यांनी वर्षानुवर्षे मुलांची जबाबदारी वाहिली आहे. तथापि मला ही बंदी पटत नाही. तो मुलगा चतुर्थीला घरी देखावा करणारच आहे, वाड्यावर नरकासुरही उभा करणारच आहे. शाळेने दार लावले, तर तो छंद थांबणार नाही. फक्त आपल्या दृष्टीआड होईल. त्या संध्याकाळी तो बोर्ड शाळेत आला म्हणून तरी टेस्टरखाली आला. घरी राहिला असता, तर प्लग उलटा बसण्याची वाट पाहत तेथेच राहिला असता. शिवाय इतक्या चिकाटीने सोल्डर करणारा मुलगा आपणांस रोज भेटतो असे नाही. निबंधाच्या वहीत त्याने कधी इतकी चिकाटी दाखविली नाही, हेही सांगून टाकते.

बंदी नको, पण एक सीमारेषा हवी, असे माझे म्हणणे आहे. आणि ती रेषा अडॅप्टरच्या डबीवरून जावी. भिंतीपासून डबीपर्यंतची वीज मुलांची नव्हे. तिला त्यांनी हात लावू नये, ती उघडू नये, आणि तिच्याऐवजी स्वतः काही करू पाहू नये. डबीच्या पलीकडे, ५ किंवा १२ व्होल्टांच्या राज्यात, त्यांनी यथेच्छ प्रयोग करावेत. तेथे चूक झाली तर एखादा ट्रान्झिस्टर जळेल, धूर निघेल, नाकाला वास येईल. आणि त्यातूनच मूल शिकेल. (तेथेही जाड प्रवाहाची बॅटरी असेल, तर टोके एकमेकांस टेकून तार तापते आणि बोट भाजते, एक छोटा फ्यूज घातलेला बरा.)

डबी घेताना मात्र कंजूषपणा नको. मुलास तीनशे रुपयांचा सर्किट बोर्ड घेऊन देणारे पालक अडॅप्टर मात्र रस्त्याच्या कडेला, सर्वांत स्वस्त असेल तो घेतात. तो हातात घेतला की हलका, पोकळ लागतो. आतील दोन बाजूंमध्ये किती अंतर राखले आहे, हे बाहेरून दिसत नाही. अशा अडॅप्टरांवर भारतीय मानकाचा आणि 'आर' या अक्षराने सुरू होणाऱ्या नोंदणी क्रमांकाचा उल्लेख असावा लागतो. चौकोनात चौकोन असे चिन्हही पाहावे. त्याचा अर्थ दुहेरी विद्युत्‌रोधन. प्लग, सॉकेट आणि वायर यांवर आय.एस.आय.चा शिक्का पाहावा. खुणा खोट्याही छापल्या जातात, हे खरे. म्हणून पावती देणाऱ्या दुकानातूनच वस्तू घ्यावी.

"पण आम्हाला भिंतीवरचाच दिवा लावायचा आहे," असे काही मुले म्हणतील. त्यासाठी बाजारात रिलेचे छोटे निळे ठोकळे मिळतात. एका बाजूस बोर्डाचे ५ व्होल्ट, दुसऱ्या बाजूस २३०. रिले ही वस्तू वाईट नव्हे. तिच्या आतील दोन्ही बाजू एकमेकींपासून तुटलेल्याच असतात. पण ज्या पट्टीवर ती बसविलेली असते, तिचे स्क्रू उघडे असतात आणि पाठीमागचे सोल्डरचे सांधेही उघडेच. टेबलावर बोर्ड उचलावयास कोणी सहज हात घातला, तर बोटे नेमकी तेथे जातात. प्रौढ, जाणत्या माणसाने ती जोडावयाची झाली, तरी बंद डबीत बसवावी. तार ओढली गेली तर ताण सांध्यावर येऊ नये, म्हणून ती डबीशी पक्की आवळावी. फ्यूज आणि बटण फेजच्या तारेत असावेत आणि प्लग तीन पिनांचा असावा. तिसरी पिन जाड व लांब असते ती उगीच नव्हे. आत जाताना ती सर्वांआधी टेकते, बाहेर येताना सर्वांनंतर सुटते. म्हणजे जमिनीशी नाते सर्वांत आधी जुळते आणि सर्वांत शेवटी तुटते. ती पिन कापून प्लग दोन पिनांच्या सॉकेटात कोंबणारे हात मी शिक्षकांच्या घरीही पाहिले आहेत. शाळेत मात्र या रिलेची आवश्यकताच नाही. दिवे १२ व्होल्टांचे एल.ई.डी. घ्यावेत, मोटर १२ व्होल्टांची घ्यावी. २ अँपिअरच्या अडॅप्टरातून २४ वॉट मिळतात. टेबलावरच्या नरकासुरास डोळे वटारावयास आणि तलवार फिरवावयास तेवढे पुरे.

आता शाळेच्या वाट्याचे. प्रयोगशाळेच्या व सभागृहाच्या विजेच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवावे, अशी लेखी विनंती मी व्यवस्थापन समितीकडे केली आहे. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तितकाच परत येतो की नाही, हे ते यंत्र पाहत असते. मधला काही भाग माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की ते निमिषार्धात वीज तोडते. तेही सर्वशक्तिमान नाही. दोन हातांनी दोन तारा धरल्या, तर त्यास काही कळत नाही. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावयाचे असते, आणि आपल्याकडे ते नियमाने दाबणारा कोण, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारते आहे. तूर्त ते काम माझे, असे मी समितीस कळविले आहे. या यंत्राच्या खर्चाचा विषय निघाला, तेव्हा स्नेहसंमेलनाच्या ढाली व चषक यांची आठवण कोणी तरी करून दिली. एका वर्षी चषक थोडे लहान आले, तर कोणत्याही खेळाडूची धाव कमी होणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. प्रदर्शनात मांडावयाची प्रत्येक प्रतिकृती आदल्या दिवशी वायरमनने, प्लग दोन्ही बाजूंनी बसवून, तपासावी. केवळ टेस्टर पेटला नाही म्हणून निश्चिंत राहू नये. तो न पेटण्याची इतरही कारणे असतात. प्लग भिंतीतून उपसल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते, हे मुलांस प्रथम सांगावे. आणि कोणास धक्का बसून तो तारेस चिकटलाच, तर त्यास हाताने ओढावयाचे नसते. आधी बटण बंद करावे किंवा मुख्य स्विच पाडावा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर सारावी, आणि १०८ क्रमांकास कळवावे. हे पाचवीच्या मुलांनाही पाठ असले पाहिजे. मी आता तासाच्या सुरुवातीस कधी कधी कवितेऐवजी हेच विचारते. मुलांना ते आवडते असे दिसते.

त्या मुलाच्या वडिलांना मी नंतर वायरमनसमोरच तो बोर्ड दाखविला. प्लग एकदा सरळ, एकदा उलटा. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरी त्याची धाकटी बहीण रोज ती पट्टी दाबत होती." याहून अधिक बोलणे आमच्यात झाले नाही.

तो नरकासुर अजून प्रयोगशाळेच्या कपाटावर आहे. त्याचा दोन पिनांचा प्लग वायरमनने कापून दिला; तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुलाने कपॅसिटर काढून टाकला आहे आणि बोर्डास १२ व्होल्टांच्या अडॅप्टरसाठी गोल छिद्राचे सॉकेट बसविले आहे. मोटर बदलावयाची राहिली आहे. आता हात हलतो, पण तलवार जड होते असे तो म्हणतो. म्हणून पुठ्ठ्याची तलवार काढून थर्मोकोलची करीत आहे.